बैठ्या भावोजींची पायपीट

पेणपासून रोह्यापर्यंतच्या टापूत मी पुष्कळ माणसे पाहिली, पण बसण्याची कला माझ्या भावोजींइतकी साधलेला दुसरा माणूस मला भेटला नाही. तुम्ही-आम्ही बसतो ते पाय दुखले म्हणून, किंवा समोर खुर्ची दिसली म्हणून. भावोजी बसत ते गवयाने तंबोरा जुळवून पहिला सा लावावा तसे. आधी खुर्चीकडे एकवार मायेने पाहायचे, मग लेंगा गुडघ्यांपाशी चिमटीत धरून किंचित वर ओढायचा, आणि शेवटचे चार बोटे अंतर डोळे मिटून पार करायचे. एकदा का ते टेकले की त्यांना उठवणे हे मर्त्य माणसाचे काम नव्हे. "घराला आग लागली तर हे आधी विचारतील, कुठल्या खोलीला?" असे माझी ताई म्हणायची. भावोजी त्यावर मुळीच न रागावता म्हणायचे, "विचारायला नको? स्वयंपाकघराला लागली असेल तर ओटीवरून उगाच कशाला उठा?"

ताईला पाहायला ते आमच्या पेणच्या घरी आले ते सकाळच्या चहाला. पोहे झाले, चहा झाला, ताईने मान खाली घालून दोन-तीन प्रश्नांची उत्तरे दिली, मध्यस्थांनी दोनदा "बरं, निघायचं का?" असे म्हटले, पण भावोजी आमच्या लाकडी बाकावर असे काही स्थिरावले होते की शेवटी आईला निरुपायाने कुकर लावावा लागला. जेवण झाले, दुपारचा चहा झाला. संध्याकाळी शेवटची एस.टी. चुकेल म्हणून त्यांच्या काकांनी त्यांना अक्षरशः काखेत हात घालून उभे केले. पाहुणे गेल्यावर बाबा समाधानाने म्हणाले, "मुलगा स्थिर आहे हो!" बाबांच्या तोंडून इतके खरे वाक्य मी पुन्हा ऐकले नाही. लग्नात सप्तपदीच्या वेळी भावोजींनी भटजींना हळूच विचारले, "पाचांत नाही का भागणार?" भटजींनी न ऐकल्यासारखे केले, पण ताईने ऐकले होते. "त्याच क्षणी मला कळलं," ती नंतर मला सांगायची, "की ह्या संसारातलं सगळं चालणं माझ्या वाट्याला आहे."

मी तेव्हा पेणच्या एका शाळेत शिकवत होते, आणि बहुतेक शनिवारी दुपारची एस.टी. धरून ताईकडे रोह्याला जात असे. त्यांचे बिऱ्हाड कुंडलिकेच्या बाजूला होते. ओटीवर भावोजींची आरामखुर्ची आणि खुर्चीला टेकवून ठेवलेली एक लांब काठी. ही काठी म्हणजे भावोजींचा तिसरा हात. टोकाला त्यांनी एक आकडा बसवून घेतला होता. त्या आकड्याने ते बसल्या जागेवरून पंख्याचे बटण फिरवत, खिडकी लोटत, अंगणात पडलेला पेपर ओढून घेत, आणि मी पायरी चढताना दिसले की माझ्या खांद्यावरची पिशवी अलगद उतरवून घेत. "या मेहुणीबाई," ते म्हणत, "दमला असाल. चालत आलात ना स्टँडवरून? काय हे हाल!" त्यांच्या आवाजात अशी खरीखुरी कणव असे, की मलाही क्षणभर वाटे, आपण काहीतरी भयंकर सोसून आलो आहोत. गणपती विसर्जनाला ते कधी मिरवणुकीबरोबर गेले नाहीत. नदीकडे जाणाऱ्या वळणावर एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर बसायचे आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गणपतीला हात जोडायचे. "एवढे देव आपणहून भेटायला येतात," ते म्हणायचे, "पुण्याई लागते त्याला."

पुढे त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी चालायला सांगितले. भावोजींनी हा सल्ला फार गंभीरपणे घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून ताईला नदीकाठाने फिरायला पाठवू लागले. "अर्धांगिनी आहे," ते म्हणाले, "निम्मं फळ मला मिळायला हरकत नाही." ताई रागारागाने जायची. पण एकटीने चालून चालून कंटाळायची, आणि परत आल्यावर खुर्चीपाशी क्षणभर थांबून म्हणायची, "एक दिवस तरी चला हो. नदीला भरती आली की छान दिसतं." भावोजी डोळे मिटून म्हणायचे, "तू सांगतेस ना, दिसलं मला." ताई हसायची. पण आत जाताना ती नेहमी हसत असेच असे नाही, हे मी पाहिले होते.

अशा माणसाला सरकारने नोकरी दिली होती ती आरोग्य खात्यात, आकडेवारीच्या कारकुनाची. जन्म किती, मृत्यू किती, हिवताप किती हे सगळे बाहेरून त्यांच्या टेबलावर चालत यायचे आणि भावोजी बसल्या जागी त्यांची बेरीज करायचे. बेरीज मात्र अशी करत की तिच्यावर बोट ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी वरून एक पाहणी आली. कोणत्या वयाची माणसे किती हालचाल करतात, कोण चालतो, कोण व्यायाम करतो, कोण नुसताच बसून असतो, हे गावोगाव हिंडून विचारायचे होते. पोरे, तरुण, मधल्या वयाची माणसे आणि साठीपुढची, असे गट पाडून दिले होते. गावे पेण आणि रोहा अशा दोन्ही तालुक्यांतली. हे काम कोणालाच नको होते. बैठकीत साहेब शेवटी वैतागून म्हणाले, "ज्यांना हे काम नको असेल त्यांनी उभं राहावं." सगळी कचेरी उभी राहिली. भावोजी तेवढे बसून राहिले. त्यांनी प्रश्न ऐकला नव्हता असे नव्हे. नुसते एवढ्यासाठी उठायचे, हे त्यांना पटले नाही.

काम त्यांच्या गळ्यात पडले आणि रोह्याच्या बाजारात हसण्याची लाट उसळली. "मुक्याला कीर्तनाला उभं केलंन," असे लोक म्हणू लागले. ताईने कपाळाला हात लावला. पैजा लागल्या, आणि त्या सगळ्या एकाच बाजूच्या होत्या: हे एस.टी. स्टँडवरच्या बाकावर बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिथूनच विचारणार, आणि उरलेले मनाने भरणार. मलाही तसेच वाटत होते, कारण शनिवारी मी गेले की जेवताना भावोजी जे किस्से सांगत, ते सगळे बसून सुचण्याजोगेच होते.

"पोरांच्या गटात पहिल्याच घरी अडलो बघा, मेहुणीबाई. आईला विचारलं, मुलगा किती वेळ खेळतो? म्हणाली, खेळतो कसला, नुसता उंडारतो. आता उंडारणं कुठल्या रकान्यात घालू?" किंवा, "धाटावच्या कंपनीतला एक पोरगा भेटला. म्हणाला, साहेब, शिफ्टला मी आठ तास उभा असतो, ते व्यायामात धरा. धरलं. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी काय करतोस? म्हणाला, बसतो. कुठे? गाडीवर. गाडी कुठे असते? स्टँडवर लावलेली. माझ्याच पंथाचा निघाला हो! उठवेना मला तिथून." आणि एकदा पेणहून येऊन ते फारच भारावलेले होते. "गणपतीच्या कारखान्यात गेलो होतो. एक माणूस सकाळपासून एका मांडीवर बसलाय. बाप्पाला चार हात, पण ह्याचे दोन हात त्या चारांपेक्षा जास्त हलतात. आणि जागचा हलत नाही! मेहुणीबाई, मी धंदाच चुकीचा निवडला." ताई वाढता वाढता म्हणाली, "आणि त्यानं बनवलेले गणपती तुम्ही ओट्यावर बसून बघता. जोडी छान आहे."

खरे म्हणजे काही गोष्टी आमच्या ध्यानात यायला हव्या होत्या. भावोजींच्या चपला कधी झिजत नसत. त्या वर्षी त्यांनी दोनदा नव्या घेतल्या. एकदा ते मांडीपर्यंत चिखलात माखून आले आणि "बसमध्ये गर्दी होती" एवढेच म्हणाले. त्यांचा चेहरा उन्हाने रापला. पुढे पुढे ते रविवारीही बाहेर पडू लागले. "सरकारला रविवार नसतो," असे सांगून ते दुपारी जात ते दिवेलागणीला येत. आम्हाला वाटे, स्टँडवर सावली कमी असेल.

पाहणी संपली, आणि भावोजींनी आकडे लिहून वर पाठवले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सगळ्यांत जास्त हालणाऱ्या निघाल्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरच्या, साठीच्या पुढच्या बायका, आणि सगळ्यांत तळाला गेले चाळिशी-पन्नाशीतले सरकारी नोकर. त्यातही तळाच्या तळाला आपलेच खाते. "मी स्वतःला धरूनच लिहिलंय," भावोजी म्हणाले. "खोटं कशाला लिहा?"

साहेब तरुण होते, सडसडीत होते, रोज सकाळी बॅडमिंटन खेळत असत. त्यांना ते फारच लागले. भरल्या कचेरीत त्यांनी भावोजींना उभे केले. "म्हाताऱ्या बायका पुढे आणि आरोग्य खातं मागे? हे आकडे तुम्ही आरामखुर्चीत बसून भरलेत. सगळ्या गावाला ठाऊक आहे तुम्ही किती चालता ते!" कचेरी हसली. भावोजी म्हणाले, "साहेब, मी गेलो होतो." त्यावर कचेरी आणखी हसली. साहेब म्हणाले, "येत्या रविवारी मी स्वतः जीप घेऊन येतो. लोक घरी सापडतील. एकानंही तुम्हाला ओळखलं नाही, तर चौकशी लावीन. नोकरीला मुकाल."

उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी रोह्यालाच होते. त्या संध्याकाळी भावोजी घरी आले आणि खुर्चीत बसले, पण ते बसणे नेहमीचे नव्हते. कोणीतरी पोते टाकावे तसे. ताईने सगळे ऐकून घेतले, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि हळूच विचारले, "खरं सांगा. गेला होतात ना?"

भावोजींनी तिच्याकडे पाहिले. "तूसुद्धा?" ते म्हणाले.

आणि उठले. कोणी हात न देता, काठी न घेता उठले आणि अंगणाच्या फाटकापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. बराच वेळ उभे होते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्यांना असे विनाकारण उभे राहिलेले ताईने कधी पाहिले नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "माझं चुकलं गं," ती मला म्हणाली. "हा माणूस आळशी आहे, पण खोटं कधी बोलला नाही."

रविवारी सकाळी जीप दारात आली. ताईने मला डबा, पाण्याची बाटली आणि साखरेच्या गोळ्या दिल्या, आणि साहेबांना सांगितले, "ही बरोबर येणार. ह्यांना वेळेवर खायला नाही मिळालं तर चक्कर येते." साहेबांनी आठ्या घातल्या, पण मला मागे जागा दिली. भावोजी पुढे बसले. जीप त्यांच्या बाजूला किंचित कलली.

साहेबांनी यादीवर बोट ठेवून पहिले गाव काढले ते खांब. हायवेपासून आत वळून आम्ही एका घरासमोर थांबलो. अंगणात एक म्हातारी भाताचे वाळवण हलवत होती. साहेब मुद्दाम पुढे झाले आणि भावोजींना मागे ठेवून विचारू लागले, "आजी, हे गृहस्थ कधी इथं आले होते का?"

म्हातारीने कपाळावर हात धरून पाहिले आणि ती ओरडली, "अगो बाय! खाटमोड्या साहेब!" आतून तिचा म्हातारा, सून, शेजारचे दोघे-तिघे असे सगळे बाहेर आले. "ये रं बाबा, ये," म्हातारी म्हणाली, "पर खाटंवर नको बसूस हां. खाली बस. खाटंला आताशीच नवा पाय बसवलाय."

साहेब भावोजींकडे पाहू लागले. भावोजी चपलेकडे पाहू लागले. "ह्यांनी तुम्हाला काही विचारलं होतं का?" साहेबांनी विचारले.

"इचारलं म्हणजे? किती चालतंस, पानी कुठनं आनतंस, लाकडं कोन तोडतो. मी म्हटलं, माझ्यासंगं चल आन बग. तर आला की इहिरीपातूर! येताना इतका धापा टाकत व्हता की मलाच भ्या वाटलं. मंग त्याची पिशवी मीच घेतली." एवढे बोलून ती साहेबांकडे निरखून पाहू लागली. "तुमी पन इचारायला आलाव काय? मंग चला, पानी आनायचाच हाय."

साहेबांनी घाईघाईने जीप सुरू करायला सांगितले. पण त्या गावातून निघेपर्यंत अंगणाअंगणातून "खाटमोड्या साहेब चाल्ला!" असा पुकारा होत होता, आणि भावोजी प्रत्येकाला नमस्कार करत होते, विसर्जनाच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावरून करत तसाच, फक्त या वेळी मिरवणूक त्यांची होती.

तिथून पेणच्या अलीकडे खारेपाटात शिरलो तेव्हा ऊन चढले होते. मिठागरावर पांढरे ढीग चकाकत होते आणि बायका टोपल्या डोक्यावर घेऊन अरुंद बांधांवरून भराभर चालत होत्या. साहेबांचे बूट चकचकीत होते. बांधाच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी हाक मारली. सगळ्यांत पुढची बाई, केस पांढरेशुभ्र, चालण्यात मात्र काही कमी नाही, थांबली, आणि मागे वळून खच्चून ओरडली, "गो सखू! चिखलवाला साहेब आयलाय गो!"

टोपल्या उतरल्या. बायका हसत हसत भोवती जमल्या. "ह्यो इचाराया आयला व्हता, आजी, तुमी यायाम करता का म्हणून," सखू म्हणाली. "मी म्हटलं, यायाम म्हणजे काय रं? म्हणाला, हात-पाय हालवनं. म्हटलं, आमाला कुठला टाईम? मीठ कोन काढील?"

"आणि मग?" साहेबांनी विचारले.

"मंग ह्यो आमच्यामागं बांधावरनं यायला लागला. म्हटलं, नको येऊ, पाय घसरंल. ऐकला नाय. घसरला आन गेला खाली, मांडीपातूर! आमी चौघी लागलाव तवा निघाला. म्हस काडायला सोपी, ह्यो नाय." हसून हसून तिला बोलवेना. "आन बाहेर आयल्यावर पैलं काय इचारलं ठावं हाय? चिखलातच बसून म्हणतो, आजी, तुमचं वय किती?"

मी तोंडावर पदर धरला. भावोजी शांतपणे म्हणाले, "विचारायचं राहिलं होतं. आणि ह्या चौघींना मी 'फार कष्टाचं काम' ह्या रकान्यात घातलं, साहेब. मला उचलणं दुसऱ्या रकान्यात बसत नव्हतं."

साहेबांना हसू फुटत होते, पण ते आवरत होते. तरुण माणसाला आपले चुकले हे लगेच कबूल करायचे नसते. "मी पुढं जाऊन पाहतो," असे म्हणून ते ऐटीत बांधावर चढले, काही पावले छान गेले, आणि मग त्यांचा एक पाय डावीकडे गेला आणि ते सबंध उजवीकडे गेले. खालून जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. चिखलाने त्यांना मायेने जवळ घेतले होते. बायका धावल्या. सखूने एका हाताला धरले, पांढऱ्या केसांच्या आजीने दुसऱ्या, आणि "ह्यो हलका हाय गो, दोघी पुरतील!" असे म्हणत त्यांनी साहेबांना मिठाच्या टोपलीसारखे वर काढून बांधावर ठेवले. एक बूट खाडीने ठेवून घेतला.

साहेब चिखलाने भरलेले, एका पायात बूट, तसेच बांधावर बसले, आणि मग इतके हसले, इतके हसले, की आम्ही सगळे त्यांच्याबरोबर हसू लागलो. "मान्य," ते डोळे पुसत म्हणाले. "म्हाताऱ्या बायका पुढे, खातं मागे. तुमचा एकही आकडा बदलायचा नाही." मग थोड्या वेळाने, बऱ्याच खालच्या आवाजात, "भरल्या कचेरीत बोलायला नको होतं मी. उद्या भरल्या कचेरीतच माफी मागीन." भावोजी म्हणाले, "मागा. पण मला उभं नका करू, साहेब." ताईने दिलेला डबा आम्ही मिठागराच्या शेडखाली सगळ्यांनी मिळून खाल्ला. सखूने वाळवलेली मासळी भाजून दिली.

परतीच्या वाटेवर, रोह्याच्या अलीकडे, भावोजी एका फाट्यापाशी ड्रायव्हरला म्हणाले, "जरा आत घेतोस का? दोन मिनिटं." साहेब म्हणाले, "अहो, झाली ना पडताळणी!" भावोजी म्हणाले, "पडताळणीसाठी नाही. रविवार आहे."

खाडीजवळच्या त्या गावात एका कौलारू घराच्या दारात एक उंच, वाळलेला म्हातारा काळी टोपी घालून, पायात वहाणा चढवून उभा होता. "उशीर केलास," तो म्हणाला. "मी कवाचा तयार हाय." भावोजी जीपमधून उतरले. म्हाताऱ्याने दाराच्या चौकटीला लावलेल्या छोट्या तिरप्या नळीला बोटे लावली, ती ओठांना लावली, आणि दोघे खाडीकडच्या रस्त्याने चालू लागले. मी पाहतच राहिले. माझे भावोजी चालत होते. काठीशिवाय, बोलत, हातवारे करत, मध्येच थांबून हसत. आम्ही जीपमध्ये बसून राहिलो आणि ते दोघे वळणाआड गेले.

घरी जाताना भावोजींनी सांगितले ते असे. तो म्हातारा बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या ज्यूंपैकी; दारावरच्या त्या नळीत त्यांच्या धर्मवचनांची गुंडाळी असते. गावात त्यांना शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा होता त्यांचा. एकेकाळी त्यांची पाच-सहा घरे होती. भाऊ गेले, पुतणे गेले, मुलगी लग्न होऊन गेली, सगळे इस्रायलला. हे मागे राहिले. "साठीच्या पुढच्या गटासाठी गेलो होतो," भावोजी म्हणाले. "विचारलं, चालता का? म्हणाले, आधी चालायचो, आमी भाऊ मिळून बंदरापर्यंत. आता नाय. मी म्हटलं, का? पाय दुखतात? म्हणाले, पायांना काय झालंय! पर बोलू कोणाशी?"

"मग?" मी विचारले.

"मग काय," भावोजी म्हणाले, "उठलो."

जरा वेळाने त्यांना एकदम काहीतरी आठवले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मेहुणीबाई, तुम्हाला ठाऊक आहे? त्यांच्यात शनिवारी काही म्हणजे काही करायचं नसतं. देवानंच सांगितलंय, बसा! आपण चुकीच्या घरात जन्मलो हो!"

त्या रात्री ताईला मी सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने भावोजींना पुरणपोळी केली, साखर असताना, आणि वर तूप वाढले.

पुढे वर्ष-दीड वर्ष भावोजींचा रविवार त्या गावाचा होता. इतर सहा दिवस ते पूर्वीसारखेच आरामखुर्चीत असत. काठीने पेपर ओढत, पंखा फिरवत. त्यांनी चालण्याचे व्रत वगैरे काही घेतले नव्हते. त्या म्हाताऱ्याला सोबत हवी होती आणि हे जात होते, एवढेच. मग एक दिवस म्हाताऱ्याची मुलगी इस्रायलहून आली. त्यांना एकटे ठेवायचे नाही असे सगळ्यांनी तिकडे ठरवले होते. भावोजी निरोप द्यायला गेले. न्यायला आलेली गाडी सुटेपर्यंत म्हातारा त्यांचा हात धरून होता. "तिकडं रस्ते चांगले हायेत म्हणतात," तो म्हणाला. "पर तू नसशील ना."

त्यानंतरचे दोन-तीन रविवार भावोजी उठलेच नाहीत. दुपार झाली की नुसते फाटकाकडे पाहत. ताई समोर येऊन उभी राही आणि परत जाई. मग एका रविवारी मी तिथे असताना तिने पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि खुर्चीपुढे उभी राहिली. "चला," ती म्हणाली. "तिथंच जाऊ." मला वाटले, आता काहीतरी विनोद होणार. पण भावोजींनी तिच्याकडे पाहिले आणि हात पुढे केला, उठायला मदत हवी म्हणून.

ते घर कुलूपबंद होते. खाडीकडचा रस्ता रिकामा होता. आवाज काय तो पाखरांचा. ताई आणि भावोजी पुढे चालले होते, मी बरीच मागे. भावोजी अगदी डावीकडून, जवळजवळ गटारात पाय जाईल असे चालत होते.

"अहो, एवढा रस्ता मोकळा आहे," ताई म्हणाली. "कडेकडेनं काय चालताय?"

भावोजी थांबले. आपण कुठे चालतो आहोत हे त्यांच्याही लक्षात आले नव्हते. "त्यांना एका डोळ्यानं दिसायचं नाही गं," ते म्हणाले. "म्हणून मधला रस्ता त्यांचा असायचा."

ताईने मान हलवली. मग ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, थेट शेताच्या बाजूला, आणि तिथून कडेने चालू लागली. दोघे बोलत बोलत बंदरापर्यंत गेले. मधला रस्ता त्यांनी तसाच मोकळा ठेवला.